खालचा फास

"अरे, पुढचा दोर सोडा ना! झोपलात काय खाली?"

जहाज बंदराबाहेर काढणाऱ्या पायलटचा आवाज वॉकीटॉकीतून फुटला, आणि सीतारामला आपली चूक दिसली.

धक्क्यावरच्या एकाच लोखंडी खुंट्यावर दोन जहाजांचे दोर अडकवलेले होते. निघायच्या जहाजाच्या दोराचा फास खाली, मागाहून लागलेल्या जहाजाचा त्याच्यावर. अशा वेळी दुसरा फास पहिल्याच्या आतून ओवून घ्यायचा असतो, म्हणजे कुणालाही आधी सुटता येतं. एकतीस वर्षांत सीताराम हे कधी विसरला नव्हता. आज सकाळी विसरला. हात दोरावर होते, डोळे मात्र निघायच्या जहाजाच्या कठड्यावर.

"मुद्दाम केलंस ना?" जोडीदार चिंतामणी हसला. "पोरगा वर आहे म्हणून."

"नाय रे. खरंच राहिलं."

"राहूदे. मी त्यांना दोर ढिला द्यायला सांगतो. जेवायला बसले असतील साले." चिंतामणी दुसऱ्या जहाजाकडे निघाला. पळाला मात्र नाही.

सीतारामचा मुलगा संघर्ष या जहाजावर खलाशी होता. दोन दिवस जहाज इथे होतं. करी रोडचं घर इथून बसनं किती लांब? दोन्ही संध्याकाळी सीतारामनं दोघांपुरता भात लावला. संघर्ष उतरलाच नाही. अकरा महिने तो फोनही उचलत नव्हता. आई गेल्यापासून.

त्याची आई राधा तीन महिने आजारी होती, आणि संघर्ष तेव्हा समुद्रावर. त्याचा फोन आला की सीताराम सांगायचा, "झोपलीय." शेवटच्या दिवशीही तेच सांगितलं. ती गेल्यावरच्या जलदानविधीलाही पोरगा नव्हता.

आता मात्र संघर्षला तिथून हलता येत नव्हतं. पुढचा दोर त्याच्याकडे होता. तो सुटेपर्यंत नाळेवरच, जहाजाच्या पुढच्या टोकाला, उभं राहायचं. वीसेक फूट वर, पिवळं हेल्मेट, नजर पाण्यात.

"संघर्ष!"

"ड्युटीवर आहे, पप्पा."

"मीपण ड्युटीवरच आहे."

सीतारामनं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तुला कळवायला पायजे होतं. माझं चुकलं."

इंजिनाच्या घरघरीत ते बुडालं. ऐकू येत नाही म्हणून संघर्षनं कानामागे पंजा धरला. मग घरातही कधी नीट न बोललेलं ते वाक्य सीतारामला सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडावं लागलं. गँगमधले दोघे उगाचच वाकून धक्क्याच्या कडेचे रबरी फेंडर तपासू लागले.

"रुपालीमावशी म्हणाली, आईनंच कळवू नका म्हणून सांगितलेलं," संघर्ष म्हणाला.

"ती आजारी होती. फोन माझ्या हातात होता."

संघर्षनं कठडा धरला. वॉकीटॉकीतून पायलटनं दोनदा शिवी घातली.

"त्या दिवशी तरी खरंच झोपलेली का?"

"नाय. जागी होती. बोलायचं त्राण नव्हतं. मी फोन स्पीकरवर ठेवलेला, तिच्या उशीशी."

"मी काय बोललो?"

"म्हणालास, इकडे लय ऊन आहे. जेवणात रोज बटाटा. जहाजावरच्या कुकला शिव्या घातल्यास."

"एवढंच?"

"एवढंच. पण हसली ती. थोडीशी हसली."

संघर्षनं हेल्मेट काढलं आणि बाहीनं चेहरा पुसला. तेवढ्यात चिंतामणीनं तिकडून हात केला. दुसऱ्या जहाजाचा दोर सैल पडला. गँगमधल्या दोघांनी मिळून तो उचलून बाजूला केला, आणि खालचा जड, ओला फास सीतारामनं एकट्यानं खुंट्यावरून काढून पाण्यात सोडला.

वर दोर ओढून घेणारं विंच फिरू लागलं. संघर्षला दोराकडे बघणं भाग होतं. दोर आत येताना नजर हटवायची नसते. धक्का आणि जहाज यांच्यामधलं पाणी आधी हातभर झालं, मग खोलीएवढं. फास वर पोचल्यावर तो वळला आणि तोंडाशी दोन्ही हात धरून काहीतरी ओरडला. लांबलचक, तीनचार वाक्यं असावीत.

सीतारामला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही. त्यानं मान हलवली. जहाज वळून संघर्ष पलीकडे जाईपर्यंत तो हो, हो म्हणत मान हलवत राहिला.