आवाजाचा बॅकअप

दादा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर बोलत राहणं हाच त्याचा धंदा. "क्लच सोडायचाय, जीव नाही," हे त्याचं वाक्य गावभर झालं होतं, आणि त्याच्याकडे शिकून गेलेली माणसं सांगायची की एकटं गाडी चालवतानाही चढ लागला की तोच आवाज कानात येतो. आवाज काही गोड नव्हता. जाडसर, जरा घोगरा, पण कधीच न चढणारा. शिकणाऱ्याने गाडी भिंतीवर नेली तरी तो त्याच सुरात म्हणायचा, "बरं, भिंत कुठे आहे ते कळलं. आता मागे घे."

त्यामुळे घोगरेपणा वाढला तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दिवसभर बडबड केल्यावर घसा बसणारच, असं तो स्वतःच म्हणत राहिला. शेवटी वहिनीने त्याला जवळजवळ ओढतच रुग्णालयात नेलं, तेव्हा गाठ निघाली. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं सर्जनने सांगितलं.

त्याच रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात त्याची बहीण काम करत होती. चाळिशी ओलांडली तरी घरात ती धाकटीच होती. रुग्णालयातली तपासण्यांची, एक्स-रेंची, औषधसाठ्याची मशीनं युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायची, आणि त्या सगळ्यांवरच्या फाइली नेटवर्कवरून रोज एका मोठ्या सर्व्हरवर उतरवून घेणं हे काम धाकटीकडे होतं. ऑफिसात तिला बॅकअपबाई म्हणत. सगळं सुरळीत असलं की तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे, आणि काही उडालं की मोठमोठे डॉक्टर तिच्यासाठी खुर्ची ओढत.

ऑपरेशनआधी स्पीच थेरपिस्टने एक मार्ग सांगितला. दादाने तिच्या लॅबमध्ये बसून भरपूर वाक्यं वाचायची, ती रेकॉर्ड करून ठेवायची, आणि जखम भरली की त्यातून त्याचा आवाज मशीनमध्ये घडवता येईल. तो टाइप करेल आणि मशीन त्याच्या आवाजात बोलेल. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग धाकटीकडे वळला.

"आणि ते हरवलं तर?"

"बॅकअप माझ्याकडे असतो, दादा," ती म्हणाली. "नाही हरवणार."

मग दादा रोज त्या लहानशा बंद खोलीत जाऊन बसू लागला. भिंतींना जाड फोम लावलेला, समोर माइक, हातात वाक्यांचे कागद. मला पाणी हवंय. खिडकी लावता का? आज जरा बरं वाटतंय. बाहेर आला की धाकटीला सांगायचा, कागदावरचा माणूस फार सभ्य आहे, एकदाही कोणाला गाढव म्हणत नाही, ह्याच्या आवाजात मी बोललो तर घरचे ओळखणार नाहीत. वाक्यं संपली तशी त्याने थेरपिस्टकडे खोली आणखी थोडे दिवस मागितली. मशीन कसं चालू करायचं ते शिकून घेतलं आणि दार लावून एकटाच आत बसू लागला. काय बोलतो ते त्याने कोणाला सांगितलं नाही. थेरपिस्टने धाकटीला इतकंच सांगितलं की बाहेर येताना त्याचे डोळे लाल असतात आणि तो काहीतरी विनोद करून निघून जातो.

ऑपरेशन नीट पार पडलं. दादा घरी आला. गळ्यात श्वासासाठी भोक, त्यावर जाळीचा रुमाल, आणि हातात मोबाइल. काही सांगायचं असलं की तो टाइप करून स्क्रीन पुढे धरायचा. वहिनीचा चष्मा सारखा हरवायचा, म्हणून तिच्यासाठी अक्षरं मोठी करून ठेवली होती. घरात दोन माणसं भांडायची ती आता एकच भांडायची, आणि मग तीही थांबायची. वहिनी एकदा धाकटीला म्हणाली की ह्यांना उत्तर टाइप करायला वेळ लागतो, तोवर माझा राग उतरतो, असल्या भांडणात काय राम आहे.

जखम भरत आली आणि थेरपिस्टने आवाज घडवायला घेण्याची तारीख ठरवली. त्याच आठवड्यात लॅबच्या मशीनमधली डिस्क मेली. सकाळी कोणीतरी मशीन चालू केलं, आतून टक टक आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. थेरपिस्टने घाबरून धाकटीला फोन केला. धाकटीने तिला धीर दिला. डिस्का मरतातच, त्यासाठीच तर आपण आहोत, असं म्हणून ती एक शिल्लकचं मशीन घेऊन स्वतः लॅबमध्ये गेली.

मशीन बसवलं, त्यावर बॅकअपचा क्लायंट टाकला. हा एक छोटा प्रोग्राम, सर्व्हरने हाक मारली की ओ देणारा. पण सर्व्हर हाक मारत होता आणि ओ येत नव्हती. थेरपिस्ट मागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. धाकटीला ह्यात काही नवल वाटलं नाही. मशीन नवं, त्याचा पत्ता नवा, आणि सर्व्हर अजून जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत होता. तिने सर्व्हरवरच्या फाइलीत नावापुढचा पत्ता बदलला. आता दार सापडलं, पण आत सोडेनात. मधल्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याने, सर्व्हरला लागणारा पोर्ट, आत जायचा रस्ताच, अडवला होता. नेटवर्क सांभाळणाऱ्याला फोन करून तिने तो उघडायला लावला. त्याने नेहमीप्रमाणे आधी कुरकुर केली, पण दादाचं रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर लगेच उघडून दिला. मग क्लायंटने ओ दिली. धाकटीने कालची तारीख निवडली, रेकॉर्डिंगचा फोल्डर निवडला आणि रिस्टोअर सुरू केलं.

ते लगेच संपलं.

स्क्रीनवर यशस्वी असं आलं. थेरपिस्टने हात जोडले. धाकटीला मात्र शंका आली, कारण इतक्या दिवसांचा आवाज इतक्या पटकन उतरत नाही. तिने फोल्डर उघडला. त्यात काही नव्हतं. तिने परवाची तारीख घेतली, मग मागच्या आठवड्याची, मग मागच्या महिन्याची. दर वेळी फोल्डर बरोबर नावाने, बरोबर जागी येत होता आणि आत काहीच नव्हतं.

कारण सापडायला दुपार झाली. दादाचं रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या जरा आधी लॅबची जुनी डिस्क भरली होती, तेव्हा तिथल्या टेक्निशियनने आणखी एक डिस्क बसवून ती नेमकी त्या फोल्डरच्या जागी जोडली होती. रेकॉर्डिंग सगळं ह्या नव्या डिस्कवर गेलं होतं, आणि मेली तीही हीच. बाहेरून काही फरक दिसत नव्हता. नाव तेच, रस्ता तोच. बॅकअपच्या सेटिंगमध्ये मात्र फार पूर्वीपासून एक नियम होता, की मशीनच्या मूळ डिस्कवरचंच उचलायचं, वाटेत दुसरी डिस्क लागली तर तिथेच थांबायचं. कुठल्यातरी दुसऱ्या मशीनवरच्या फाइली दोनदा उचलल्या जाऊ नयेत म्हणून कधी काळी कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेला नियम. सॉफ्टवेअर रोज त्या फोल्डरच्या उंबऱ्यापर्यंत जायचं, नियम पाळायचं आणि परत फिरायचं. त्याच्या लेखी चुकलं काहीच नव्हतं, म्हणून धाकटीकडे रोज सकाळी येणारा अहवाल हिरवा होता. टेक्निशियनने डिस्क बसवल्याचं तिला कळवलं नव्हतं, आणि आता तो नोकरी सोडून गेला होता. तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, मला वाटलं तुमचं सॉफ्टवेअर आपोआप घेतं. धाकटीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तिने फोन ठेवून दिला. तीही तसंच धरून चालली होती.

मेलेली डिस्क त्यातल्या जाणकारांकडे पाठवली. ती तिथे पोचून निकाल येईपर्यंत धाकटी दादाकडे गेली नाही. फोनवर वहिनीला कामाचं कारण सांगत राहिली. थेरपिस्टने तारीख पुढे ढकलली आणि दादाला तांत्रिक अडचण म्हणून कळवलं. जाणकारांकडून उत्तर आलं ते दोन ओळींचं होतं. आतल्या तबकड्यांवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही.

त्या संध्याकाळी ती गेली. दादा बाल्कनीत बसून चहा घेत होता, वहिनी कपडे घड्या करत होती. धाकटीने चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं, जुनी डिस्क, नवी डिस्क, नियम, पत्ता, फायरवॉल. इतकं तपशिलात सांगायची गरज नव्हती हे तिला कळत होतं, पण थांबलं की पुढचं वाक्य म्हणावं लागणार होतं. शेवटी ते म्हणावंच लागलं.

"काहीच राहिलं नाही, दादा. एकही फाइल नाही."

वहिनीच्या हातातला टॉवेल अर्धा घडी झालेला तसाच राहिला. दादाने मोबाइल उचलला, थोडं टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली.

तू म्हणाली होतीस.

वहिनीसाठी मोठी केलेली अक्षरं होती ती. धाकटी तिथेच जमिनीवर बसली. दादाने मोबाइल उपडा ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिला. त्याच्या गळ्यातून श्वासाचा आवाज येत होता, एरवीपेक्षा भरभर. ती रडली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. लहानपणापासून ती रडली की तो आधी हसवायचा आणि मग ओरडायचा. आता ह्यातलं काहीच त्याच्याकडे उरलं नव्हतं.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आली.

"वाक्यांचं एवढं नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली. "मागून एकटे बसून बोललेत ना, ते. लेकीसाठी बोललेत, तिच्या येणाऱ्या बाळासाठी बोललेत. माझ्यासाठीही काहीतरी आहे म्हणाले होते, मी गेल्यावर ऐक म्हणून. आणि एक तुझ्यासाठी."

"काय होतं त्यात?"

"मला काय माहीत? विचारलं तर म्हणाले, तिचं तिला कळेल."

धाकटी पुढचे कित्येक दिवस कामात बुडून राहिली. एकेका मशीनवर जाऊन कुठे कुठली डिस्क जोडली आहे ते तिने पाहिलं, नियम बदलले, फोल्डर रिकामा आला तर अहवाल लाल व्हावा अशी सोय केली. यशस्वी ह्या शब्दावर तिचा विश्वास उडाला होता. दर आठवड्याला कुठल्यातरी मशीनची एखादी फाइल ती प्रत्यक्ष परत आणून उघडून बघायची. वरिष्ठांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. ती मान खाली घालून बसली. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, विनयाने.

दादाकडेही ती जायला लागली, कारण न जाण्याने काही सुटत नव्हतं. तो तिच्याशी तुटक वागला, मग हळूहळू कमी तुटक. एकदा तिने धीर करून विचारलं की माझ्यासाठी काय बोलला होतास, आता लिहून तरी दे. दादाने मोबाइल हातात घेतला. अंगठा स्क्रीनवर नेला आणि मग नकारार्थी मान हलवली. लिहून येणारं ते नव्हतंच, असं त्याने नंतर टाइप केलं. आणि त्याखाली, जरा थांबून, चहा घेशील?

थेरपिस्टने त्याला तयार आवाजांपैकी एक निवडायला सांगितलं. त्यातले पुरुषांचे आवाज सगळे स्वच्छ, तरुण, बातम्या वाचल्यासारखे होते. दादाने पहिलाच घेतला, बाकीचे ऐकलेही नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलने त्याला ऑफिसात बसायला बोलावलं. गाडीत मशीनने बोलायचं म्हणजे ब्रेक म्हणेपर्यंत गाडी भिंतीवर गेलेली असणार, असा विनोद त्याने स्वतःच टाइप करून सगळ्यांना ऐकवला. मशीनने तो बातमीसारखा वाचला. लोक जरा उशिरा हसले.

पुढे लेक बाळाला घेऊन माहेरी आली. धाकटीही गेली होती. बाळ पलंगावर आडवं पडून पाय झाडत होतं आणि खोलीत जो बोलेल त्याच्याकडे मान वळवत होतं. लेक बोलली की लेकीकडे, वहिनी बोलली की वहिनीकडे. दादा बाळाच्या उजव्या बाजूला बसला. मोबाइलवर टाइप केलेलं वाचणारं आवाजाचं मशीन डाव्या बाजूच्या टेबलावर चार्जिंगला लावलेलं होतं. त्याने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं.

"ओळखलंस का मला?" टेबलावरून तो स्वच्छ, तरुण आवाज आला. "मी तुझा आजोबा."

बाळाने पाय झाडायचे थांबवले, मान वळवली आणि टेबलाकडे बघून हसलं. लेक पटकन म्हणाली की मशीन इकडे ठेवूया ना, बाबांच्या जवळ. पण वायर तिथपर्यंत पोचत नव्हती. धाकटी उठली आणि वायर कुठून सोडवायची ते बघू लागली, तिच्या बोटांना प्लग सापडेना. दादाने तिला हातानेच खूण केली, राहू दे. मग तो स्वतः उठून पलंगाला वळसा घालून टेबलापाशी गेला, मशीनच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने पुन्हा बटण दाबलं.