वाटणीपत्राची डावी कड

एकोणीसशे चोपन्न साली, संक्रांतीनंतर केव्हातरी, घरातल्या वस्तूंनी त्र्यंबकराव करंदीकरांशी वैर धरले. चौकट खांद्यावर आदळे, पाट पायात येई, आणि पानात डावीकडे वाढलेली चटणी जेवण उरकले तरी जशीच्या तशी राही.

"चटणीत काही उणं राहिलं का?" मंदाकिनीबाईंनी एकदा नवऱ्याला विचारले.

"वाढली असतीस तर सांगितलं असतं."

बाईंनी ताट अर्धे फिरवले. त्र्यंबकरावांनी चटणीकडे पाहिले, मग बायकोकडे पाहिले. "ही आत्ता वाढलीस," ते म्हणाले.

"हो. पदराखाली वाटी घेऊनच बसले होते मी."

त्र्यंबकराव वादात माघार घेणारे गृहस्थ नव्हते. ठाण्याच्या एका कचेरीत जुन्या दप्तरांच्या सहवासात एकतीस वर्षे काढल्यामुळे त्यांची अशी पक्की धारणा झाली होती की जे कागदावर आहे ते आहे, जे कागदावर नाही ते नाही, आणि या दोहोंच्या मध्ये माणसांनी केलेल्या बडबडीला फारशी किंमत नाही. निवृत्त झाल्यावर कोपरीच्या त्यांच्या घरी लोक मोडी कागद वाचून घ्यायला येत. शाळांतून ती लिपी उठत चालली होती, जाणती माणसे एकेक करून सरत होती, आणि कूळकायदा आल्यापासून तर घरोघरचे पेटारे उघडले जात होते. कागद समोर धरला की त्र्यंबकरावांना अजूनही एक अक्षर अडत नसे. तेव्हा आपल्या डोळ्यांविषयी शंका घेण्याचे त्यांना कारणच काय? रस्त्यात भेटणारे म्हणत, अण्णा हल्ली ओळख देत नाहीत. अण्णा म्हणत, हल्ली लोक नमस्कारसुद्धा चोरून करतात.

फाल्गुनात शीळफाट्याच्या अलीकडील एका गावातून दगडू आणि ठमाबाई या भाऊबंदांनी त्यांना बोलावून नेले. दगडूचा आजा आणि ठमाबाईच्या मयत नवऱ्याचा आजा हे सख्खे भाऊ. त्यांची वाटणी शके अठराशे बावीसमध्ये झालेली. त्या वाटणीत विहीर थोरल्याच्या, म्हणजे दगडूच्या घराकडे गेली. तरीही ठमाबाईचा भाजीचा मळा दिवसाआड त्याच विहिरीच्या पाण्यावर पिकत आला होता. यंदा दगडूने लागवड वाढवली, त्याला पाणी पुरेना, तेव्हा तो म्हणाला, "हक्क असंल तर कागदावर दाव." कागद ठमाबाईच्या पेटीत होता. कज्जेदलालीत पडण्यापेक्षा अण्णा वाचतील ते दोघांनी मान्य करावे, असे गावासमोर ठरले.

देवळापुढच्या पारावर बसून त्र्यंबकरावांनी वाटणीपत्र वाचले. वाचले कसले, खणखणीत आवाजात गाजवले. जमिनीच्या चतुःसीमा झाल्या, झाडे झाली, भांडी झाली, साक्षीदारांची नावे झाली. "विहीर थोरल्याकडे," त्यांनी निर्वाळा दिला. "पाण्याविषयी यात अवाक्षर नाही."

ठमाबाई त्यांच्या डाव्या हाताला उकिडवी बसली होती. ती पुढे वाकली. "अन्ना, ह्या अंगाला उभा लिवलाय, ता काय हाय?"

त्र्यंबकरावांनी मानही वळवली नाही. "बाई, समासात नोंदीचे शेरे असतात. एकतीस वर्षं मी हेच करत आलो. तुम्हाला अक्षरओळख आहे का?"

"नाय."

"मग झालं तर."

चार माणसे हसली. ठमाबाईने कागद फडक्यात बांधला, आणि दुसऱ्या दिवसापासून दगडूने तिचे पाणी तोडले.

यानंतर आठव्या दिवशी सकाळी स्नान करताना त्र्यंबकरावांच्या उजव्या डोळ्यात साबण गेला. तो डोळा मिटून घेऊन ते तांब्या शोधू लागले. तांब्या दिसेना. तो त्यांच्या हातातच होता. त्याचा थंडपणा बोटांना लागत होता, वजन मनगटाला कळत होते, पण जिथे तो असायला हवा तिथे तो नव्हता. अंधार नव्हता, अंधार असता तर त्यांनी तो केव्हाच ओळखला असता. नुसते काही नव्हते, आणि त्या नसण्याला कुठे कडसुद्धा नव्हती.

त्या दिवशी ते एका जागी बसले नाहीत. डावा डोळा झाकून चाल, उजवा झाकून चाल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला बुधवार पाहा आणि रविवार कुठे गेला ते शोध. उजवा हात कानामागून पुढे आण, मग डावा आण. उजवा हात खांद्यापाशीच दिसू लागे. डावा नाकासमोर येईपर्यंत उगवतच नसे. ओटीवरून माजघरात आणि माजघरातून ओटीवर अशा त्यांनी इतक्या खेपा घातल्या की मंदाकिनीबाईंनी हातातले सूप खाली ठेवले.

"सकाळपासून हे काय चाललंय? या वयात आंधळी कोशिंबीर?"

"तू जरा माझ्या डावीकडे उभी राहा."

"उभीच आहे मघापासून."

त्र्यंबकराव गर्रकन वळले. ती खरोखरच तिथे होती.

त्याच संध्याकाळी ठाण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासणीला तास घेतला. "काचबिंदू आहे," ते म्हणाले. "डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याचं नाकाकडचं अंग गेलंय. थेंब देतो, उरलंय ते टिकवू. गेलेलं मात्र परत येणार नाही."

"पण मी वाचतो," त्र्यंबकरावांनी हरकत घेतली. "मोडी वाचतो."

"मधली नजर शाबूत आहे तोवर वाचाल. हा रोग कडेकडेने खात येतो. दुखत नाही, खुपत नाही, काळोखही दिसत नाही. म्हणून ज्याला होतो त्यालाच सगळ्यांत शेवटी कळतो."

"मग मला दिसत नाही ते किती आहे, हे मी कसं ठरवायचं?"

"तुम्हाला नाही ठरवता यायचं, अण्णा. शेजारी बसलेल्याला विचारावं लागेल."

घरी येताना त्या वाक्याने त्र्यंबकरावांच्या डोक्यात नांगी मारली. शेजारी बसलेल्या बाईने विचारले होते. न विचारता सांगितले होते. आपण तिची अक्षरओळख काढली होती.

पुढचे तीन दिवस असे गेले की बसले तरी चैन नाही आणि उठले तरी नाही. समासात खरोखर शेरेच असतील, असे ते सकाळी स्वतःला पटवीत. दुपारी तेच मत स्वतःच खोडून काढीत. वाटणीपत्र खाजगी होते, कुठल्या कचेरीत नोंदवलेले नव्हते; त्याला नोंदीचे शेरे येणार कुठून? चौथ्या दिवशी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "जाऊन या एकदा."

"जाऊन सांगू काय? की मी अर्धाच कागद वाचला? उद्या माझ्याकडे कागद आणील कोण?"

"नाही गेलात तर आणतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तुम्ही अर्धेच वाचाल."

त्याच सकाळी ते मुंब्र्याला उतरले आणि तिथून बैलगाडी करून गावात पोहोचले. ठमाबाईच्या मळ्यातली वांगी माना टाकून उभी होती. तिने पेटीतला कागद आणून दिला. ते पारावर बसले, या खेपेस मान पूर्ण डावीकडे वळवली, आणि समासातल्या उभ्या ओळी एकेक करून जागेवर आल्या: विहिरीचे पाणी एक दिवसाआड धाकट्याच्या वंशाकडे निरंतर चालावे, यास थोरल्याने अगर त्याच्या वारसांनी हरकत करू नये.

निरोप गेल्यावर दगडू मोटेवरून तसाच आला, बैल हाकायची पराणी हातातच. गावही जमले. त्र्यंबकरावांनी मजकूर मोठ्याने वाचला. दगडू तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन मग म्हणाला, "अन्ना, तवा तुमी सगल्या गावासमोर बोललात, पान्याचा नाव नाय. आता नाव आला. बारा दिस कागद हिच्या पेटीत. ही भाजीची पाटी घेऊन ठान्याला जाते. ठान्याला मोडी लिवनारा कोन राहतो?"

"कोपरीला राहतो येक," मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

त्र्यंबकरावांच्या कानशिलांना आग लागली. "तू माझ्यावर आळ घेतोस?"

"मी कशाला घेऊ? मी इचारतोय."

"मी तवाच बोललेले," ठमाबाई म्हणाली. "ह्या अंगाला लिवलाय म्हनून. सगल्यांनी ऐकलाय."

"तू बोललीस, वैनी. अन्ना काय बोलले? शेरे बोलले. आता तुमचा दोगांचा येकच बोलना झाला."

आता त्र्यंबकरावांजवळ बोलण्यासारखे एकच उरले होते. "त्या दिवशी हा मजकूर मला दिसला नाही," ते म्हणाले. "डाव्या बाजूचं मला दिसत नाही. डोळे गेले आहेत माझे."

"दिसत नाय, असा सोंग मी पन करीन." दगडूने डोळे वर फिरवले. "ह्यो बघा, मना पन तुमी नाय दिसत." पुन्हा हशा.

सोंग या शब्दाने त्र्यंबकराव पेटले. माणसाची साक्ष खोटी असेल, पण कागदाची? त्यांनी वाटणीपत्र मांडीवर पसरले, चष्मा सारखा केला आणि समोरच्या ओळींवर बोट ठेवून मांडणी सुरू केली. "पहिली गोष्ट, शाई. मधल्या मजकुराची शाई जशी विटली आहे तशीच समासातली विटली आहे. बारा दिवसांत शाई अशी तांबूस होत नाही. दुसरी गोष्ट, बोरू. त्याच्या टोकाला चीर गेलेली आहे, म्हणून प्रत्येक उभी रेघ दुहेरी उमटते, आणि ती इथेही दुहेरी आहे, तिथेही दुहेरी आहे."

हशा थांबला होता. आपल्या मुद्द्यांनी गावाला गप्प केले, हे जाणवून त्यांचा आवाज आणखी चढला. "आता घडी पाहा. चोपन्न वर्षं हा कागद याच घडीवर मोडत आला. जिथे कागद पिंजला तिथे अक्षरंही पिंजली आहेत. घडी पडल्यावर लिहिलं असतं तर शाई त्या भेगेत उतरली असती, पसरली असती. ती पसरली आहे का? कुणीही पुढे येऊन पाहावं."

कोणीही पुढे आले नाही. कोणी खाकरले नाही की पाय बदलला नाही. एवढी शांतता पुराव्याने होत नाही, हे एकतीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवे होते.

"अन्ना," ठमाबाई अगदी हळू म्हणाली, "हलू नका."

पण ते वळलेच. पराणीच्या टोकाची लोखंडी आर त्यांच्या डाव्या डोळ्यापासून दोन बोटांवर होती. तिच्यामागे काठी, काठीमागे दगडूचा ताणलेला हात. दगडूनेच दचकून ती मागे घेतली.

त्र्यंबकरावांनी विचारले, "केव्हापासून धरली होतीस?"

"तुमी शाई बोललात तवापासून." दगडूने पराणी पाराला टेकवून ठेवली आणि तळहात धोतराला पुसले. "पापनी पन नाय लवली तुमची." मग ठमाबाईकडे न बघताच तो म्हणाला, "वैनी, उद्याची पाली तुजी."

माणसे पांगू लागली. त्र्यंबकरावांचा हात अजून कागदाच्या घडीवर होता; त्यांच्याने राहवेना. "दगडू," त्यांनी हाक मारली, "घडीचा मुद्दा तुला पटला ना?"

"घडीचा काय ता मना नाय कलला, अन्ना. पापनीचा कलला."

ठमाबाई कागद घ्यायला आली. ती डावीकडे उभी होती ती तिथून निघाली, पाराला वळसा घातला, आणि त्यांच्या उजव्या हाताला येऊन थांबली. "उठा," ती म्हणाली. "गाडी जुपलीय."