नाव पुसलेला डबा

गौरम्माने तिन्ही पितळी डबे उचलून दगडी कट्ट्यावर मांडले आणि झाकणं काढून बाजूला ठेवली. समोरच्या बाईने एकेक डबा फिरवून पाहिला. तिन्ही सारख्याच उंचीचे, सारखेच लखलखीत. नाव कशावरच नव्हतं.

बाईचं नाव मंजुषा. लातूरहून सकाळच्या एसटीने उदगीरला आली होती. आई वारल्यावर भावाने, मृत्युंजयने, घर रिकामं केलं, भांडी पोत्यात भरून या दुकानाला दान दिली आणि सगळं उरकल्यावर तिला फोन केला. तिला दुसरं काही नको होतं. आईच्या नावाचा डबा तेवढा हवा होता.

"गुरम्मा असं नाव होतं त्याच्यावर," ती म्हणाली. "टिंबाटिंबांचं."

गौरम्माने हातातलं फडकं घडी घालून ठेवलं. निजामाच्या काळात ही इमारत म्हणजे करोडगिरी नाका. जकातीचा शिक्का बसल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. वडिलांची मिरचीची गाडी याच कमानीखाली तासन्‌तास उभी राहिलेली तिला आठवत होती. आता इथे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकायच्या आणि त्यावर सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दोन वेळचं जेवण द्यायचं, असं चाललं होतं. लोक अजून दुकानाला नाकाच म्हणत. शिक्का गेला तरी नियम होताच, आणि तो गौरम्मानेच घातलेला: नाव घासल्याशिवाय भांडं फळीवर चढवायचं नाही. कुणाच्या घरचं नाव विकायला मांडणं तिला बरं दिसत नसे.

"पुसलं आम्ही," ती म्हणाली. "मीच पुसायला लावलं."

मंजुषाने नुसती मान हलवली. ती भांडली असती तर गौरम्माला सोपं गेलं असतं.

ती आईचंच सांगत राहिली. आई शाळेत गेलेली नव्हती. नाव तेवढं लिहायची, तेही उलटं. बँकेतले साहेब हसायचे आणि अंगठा घ्यायचे.

"भाऊ म्हणायचा, आई उर्दूत सही करून राहिली." मंजुषा थांबली. "मी बी हसायचे, अक्का. पुढं पुढं तर तिच्यासंगं बँकेत जायलाच टाळायला लागले."

मागच्या पडवीत पॉलिशचं चाक घरघरत होतं. चाकावरच्या मोहियोद्दीनने चाळीस वर्षं गावातल्या भांड्यांवर नावं घातली होती. आता तीच तो घासून काढत होता. गौरम्माने त्याला बोलावलं आणि नावाची काही खूण मागे राहते का, असं विचारलं. हात पुसत तो आला, डबे पाहिले.

"टोचले मीच, पुसून राहिलो बी मीच," तो म्हणाला. "पण बाई, वरचं जातंय. आतलं कुठं जातंय? पत्रा पातळ हाय, टिंबं आत उमटत्यात. हात घालून बघा म्हणा."

मंजुषाने बांगड्या वर सारल्या. पहिल्या डब्यात हात फिरवला, मग दुसऱ्यात. तिसऱ्यात तिची बोटं एका जागी थांबली. मग हळूहळू पुढे गेली, परत मागे आली. तिने डोळे मिटले होते.

हात बाहेर काढून तिने कट्ट्यावर साचलेल्या पॉलिशच्या पुडीत बोट टेकवलं आणि उजवीकडून डावीकडे ओढत नेलं. गु, र, म्मा. प्रत्येक अक्षर आरशात दिसावं तसं.

गौरम्माने तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला होता. उलटी अक्षरं काढणाऱ्या मुलांच्या बोटांवर तिने पट्टी मारली होती. ती त्या अक्षरांकडे पाहत राहिली.

"अशीच," मंजुषा म्हणाली. "अशीच सही करायची." तिने डबा जवळ ओढला. "रोज राखेनं आतून घासायची."

मोहियोद्दीन पडवीत गेला. चाक मात्र लगेच सुरू झालं नाही.

"लिहिता येत होतं तिला," मंजुषा म्हणाली.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी गौरम्माने रोजच्यासारखा कट्टा पुसला. तेवढी वीतभर जागा सोडून.