हातभर देठ

"बाहेर ये, भामट्या!"

एरवी आत्या माझ्या बापाला धाकट्या म्हणते. त्या सकाळी भामट्या म्हणाली, तेही आमच्या दारात, सगळी आळी दात घासत बाहेर उभी असताना. कंबरेपर्यंत ओली, पायाला चिखल, हातात विळा. मी चुलीपुढून उठून दारात आले तर आईनं मला मागं ओढलं. म्हणाली, "बहीणभावाचं आहे, आपण मध्ये पडायचं नाही." आईचं हे नेहमीचंच. घर पेटलं तरी ती आधी विचारेल, कुणाचं आहे.

बाबा चहाचा कप घेऊनच बाहेर आले. "सकाळी सकाळी तमाशा कशाला, ताई?"

"पंपघरामागचा कोपरा कुणी साफ केला?"

"मी केला. तळ्याच्या समितीनं ठराव केलाय. कोपरा माझ्या नावावर आहे, कागद आहे घरात. दाखवू?"

"माझी जलपर्णी कुठाय?"

"तुझी?" बाबा हसले. "ती कधीपासून तुझी झाली? फुकटचं गवत ते."

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तेच फुकटचं गवत आमच्या तळ्यात शिरलं तेव्हा सगळं गाव तिच्या नावानं बोटं मोडत होतं. कोळ्यांची जाळी फाटायची, होडी अडकायची. आत्यानं तिचे देठ वाळवून वेण्या घालायला घेतल्या, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं माझा बापच हसला होता. "आता ही शेवाळाची शाल विणेल," म्हणाला होता. आणि तीन वर्षांत आत्यानं त्या वेण्यांच्या खुर्च्यांच्या बैठका करून दाखवल्या. शहरातला खुर्चीवाला दर महिन्याला माल मागायला लागला. आत्या धरून सहा बायका तिच्या ओसरीवर बसून विणायच्या, सातवी मी.

काम सोपं नाही. देठ बुडाशी कापायचा, धुवायचा, आठ-दहा दिवस उन्हात उलटापालटा करायचा, दव पडायच्या आत उचलायचा. जुडीत एक ओला देठ राहिला तरी अख्खी जुडी बुरशीनं काळी पडते. आणि देठ हवा हातभर लांब. तो कुठेही मिळत नाही. जलपर्णी मोकळ्या पाण्यात असली की आखूड राहते आणि तिचा देठ फुग्यासारखा फुगतो. दाटीत सापडली तरच उजेडासाठी उंच जाते. म्हणून आम्ही तळ्यातली सगळी जलपर्णी ओढून पंपघरामागं आणायचो आणि बांबूचा आडवा अडसर लावून तिथं खच्चून कोंडायचो. कोळ्यांचं पाणी मोकळं, आमचे देठ लांब. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग खुर्चीवाला एकदा बाबांच्या शेजारी चहाला बसला आणि बोलून गेला, नुसते वाळके देठ मिळाले तरी घेईन, कितीही द्या. तेवढ्यानं माझ्या बापाच्या तोंडाला पाणी सुटलं. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे छत्रीवाले म्हणतात, त्यांना धरून कागद केला. आम्ही साती जणी शहरात माल पोचवायला गेलो त्याच दिवशी ट्रॅक्टर लावून कोपरा धुऊन नेला. आमच्या मळ्यातल्या शेततळ्यात टाकला. मला घरात राहून पत्ता नव्हता, याचीच मला जास्त चीड आली.

आत्या त्याच पावली मळ्यावर गेली. मीही गेले, आईचा हात सोडवून.

शेततळ्यावर पाहते तर बाबांनी दोऱ्या ताणल्या होत्या. ओळीनं, वीतवीत अंतर सोडून, एकेक रोप दोरीला अडकवलं होतं. वरची पानंसुद्धा छाटली होती, रोपं लावताना छाटतात तशी. शेणखताची पोती काठावर तयार. आत्या बघतच राहिली.

"धाकट्या, अरे दाटी लागते तिला. एवढं मोकळं सोडलंस तर माजेल नुसती. देठ नाही मिळायचा."

"दाटीत कधी पीक येतं का, ताई? वीस वर्षं शेती करतोय मी. तू आपली बैठका विण."

"कशाच्या विणू?"

त्यावर बाबांनी पोतं फोडलं आणि खत पसरायला लागले.

त्यानंतरचे दोन महिने मी घरात जेवले, पण बापाशी बोलले नाही. आत्याच्या ओसरीवर वाळके देठ संपले. खुर्चीवाल्यानं महिनाभर वाट पाहिली, मग निरोप धाडला, यंदा प्लास्टिकच्या पट्ट्या लावतोय, पुढचं पुढे बघू. सहांपैकी दोघी वीटभट्टीवर गेल्या. त्यातली एक आमची तुरतुरी, जिच्या हातात वेणी पडली की बघत राहावं अशी. तिच्या बोटांना आता विटांचे घट्टे पडले. आत्या रोज सकाळी रिकाम्या ओसरीला झाडू मारायची. मी म्हटलं, "कशाला झाडतेस? कचरा कुठाय?" तर माझ्यावरच खेकसली.

इकडे शेततळं फुललं. निळीजांभळी फुलं अशी की वाटेवरची माणसं थांबून बघायची, आणि बाबा त्यांना काठावर फिरवून आणायचे. एक दिवस खुर्चीवाल्यालाही बोलावलं. त्यानं एक रोप उपटलं, देठ दाबला. बोटभर लांबीचा, लिंबाएवढा फुगलेला. पचकन दबला.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"देठ."

"अहो, यावर माणूस बसवायचाय मला, मांजर नाही!"

मी काठावर होते. मोठ्यानं हसले. बापाचं हसं झालेलं बघून हसू नये म्हणतात. मी पोट धरून हसले.

बाबा पुढं म्हणत सुटले, आत्याची रोपंच खराब होती. पण खत खाल्लेली जलपर्णी कुणाचं ऐकून घेत नाही. पंधरा दिवसांत दुप्पट होते ती. सगळं शेततळं झाकलं, पंपाच्या तोंडात मुळं अडकली, आणि खालच्या तुकड्यातली वांगी माना टाकायला लागली. ट्रॅक्टर आणावा तर शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला. ट्रॅक्टरचा दात लागला की कागद फाटणार आणि सगळं पाणी जमिनीत जाणार. विळाही चालवायची सोय नाही. हातानंच उपसायला हवं, आणि ते काम गावात सातच जणींना येतं.

शेवटी बाबा आत्याच्या ओसरीवर आले. खाली बघून बसले.

"ताई, वांगी जातायत."

"जाऊ देत."

"आपलीच आहेत ना शेवटी."

"अस्सं? वांगी आपली, आणि जलपर्णी फुकटचं गवत?" आत्या उठून उभी राहिली. "छत्रीवाल्यांना इथं बोलाव. कोपरा सात जणींच्या नावानं लिहून दे. नुसत्या माझ्या नावानं नाही, सातींच्या. मग बोलू."

बाबांनी बरेच आढेवेढे घेतले. घरात आईवर चिडले, माझ्यावर चिडले, ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी छत्रीवाले ओसरीवर आले, जुना कागद फाडला, नवा लिहिला. भट्टीवर गेलेल्या दोघींचीही नावं आत्यानं घालायला लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाची जणी शेततळ्यावर गेलो, मागून आईही आली. बाबा आनंदानं म्हणाले, "उतरा, उतरा."

"आम्ही काठावरून घेऊ," आत्या म्हणाली. "उतरायचं तू. चप्पल काढ, नाहीतर कागद फाटेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईनं पहिल्यांदाच बाजू घेतली. म्हणाली, "काढा चप्पल."

छातीभर पाण्यात उभा राहून माझा बाप सकाळपासून ओढत होता. मुळं हातभर लांब, गाळानं जड, अंगावर किडे. आम्ही काठावर घेऊन गाडीत भरत होतो. गाडी पंपघरामागं जायची, आणि तिथं आमच्यातली एक जण अडसरामागं सगळं कोंबत होती, तिळाएवढी जागा न सोडता. जुनी फुगलेली पानं जातील. दाटीत नवी येतील ती उंच येतील. यंदाचा हंगाम मात्र गेला तो गेलाच.

दुपारी बाबा थांबले. ओठ निळे पडले होते. "ताई, अर्धं झालं. पाठ मोडली माझी. आता तरी राग गेला का?"

"नाही," आत्या म्हणाली. "माझ्या दोघी विटा वाहतायत अजून. त्या परत येईपर्यंत जाणार नाही. ओढ."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काठावर वाकले आणि हात पुढे केला. त्यांनी घाईघाईनं माझा हात धरला, मी त्यांना वर घेतेय असं वाटून.

"हात नको," मी म्हटलं. "जलपर्णी द्या."