चिठ्ठीवरची निळी मोहोर

मी मोहोर बोलतेय. बिश्केकमधल्या मानसोपचारतज्ज्ञ तोक्तोबुबू एजेंच्या, म्हणजे ताईंच्या, टेबलावरची, गोल, निळ्या शाईची. माझा ठसा नसेल तर औषधाच्या दुकानात एजेंच्या चिठ्ठीला कुणी विचारत नाही. तरी दर ठप्प्याला मी दचकतेच.

पूर्वी वाटायचं, मी उमटले की माणूस बरा होतो. मग बेगायिम आली.

ही शिवणकारखान्यातली पोरगी. घटकेत जीव लावणारी, घटकेत कात्री भिरकावणारी. सोबत आई, आणि आईच्या हातात गोळ्यांची फुगलेली पिशवी. ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी दिलेली.

"एजे, एक सलाइन लावा. रक्त साफ होऊ दे हिचं."

"रक्तात राग सापडत नाही हो, अपा," एजे आईकडे बघून हसल्या. एकेक पाकीट उचलून बेगायिमला विचारू लागल्या, हे कशासाठी? यानं काय फरक पडला?

"ही घेतली की शांत वाटतं."

"आणि मग?"

"मग... कात्री त्याच दिवशी फेकली."

मी कान टवकारले. शांत करणारी गोळी लगामही सैल करते?

"स्वभावाच्या या दुखण्यावर गोळी नाही," एजे म्हणाल्या. "पण तुझी झोप उडालीय, अन्न नको झालंय. ते मन खचणं वेगळं. त्यावर आहे."

"म्हणजे बाकीचं माझं नाटक?" बेगायिम ताडकन उठली. मी कलंडले. औषध नाही, म्हणजे एजेसुद्धा आपल्याला टाकणार, असंच तिला वाटलं असावं.

"बस खाली. बाकीच्यासाठी दर मंगळवारी तू आणि मी. चहा माझा, तळलेले बोरसोक तुझ्या घरचे."

मी उमटले ते एकाच औषधावर, तेही आठवड्यापुरतं. कारण रागाच्या भरात तिनं एकदा अख्खं पाकीट गिळलं होतं. शांत करणारी गोळी हळूहळू कमी करत बंद करायची. नव्या औषधाचा उपयोग दिसला नाही, तर तेही बंद.

"एवढी मोठी डॉक्टर आणि एवढीशी चिठ्ठी!" आई पुटपुटली.

मंगळवारी वेळ टळून गेली तरी दार वाजेना. मी कासावीस. एजेंनी चहा झाकून ठेवला.

तेवढ्यात बोरसोकांचा डबा माझ्याशेजारी आदळला.

"कारखान्यात भांडले. वाटलं, तुम्ही निघून गेला असाल."

"इथंच आहे. चहा मात्र तुझ्यामुळं गार झाला."

ती हसली. पहिल्यांदाच.

आता तिची झोप-भूक परतलीय, ते औषधही थांबलंय. ती येते तेव्हा मी झाकणाखाली बसून ऐकते. माझ्यासाठी हट्ट धरणाऱ्यांनो, माझी शाई वाळली तरी चालेल. तुमचा मंगळवार तेवढा चुकवू नका.