वीस सीसीचं विमान

खान्देशात विहिरीवर पाच एचपीची मोटर पुरते, पण माणूस घेतो साडेसातची. वर म्हणतो, "असू द्या, जास्तीची काय भाकर मागते का?" फैजपूरच्या हितेंद्र चौधरीचं तर मोटर रिवाइंडिंगचंच दुकान. ही खोड त्याच्या हाडीमाशी खिळलेली. म्हणून कसरती करणाऱ्या रिमोटच्या विमानालाही त्यानं वीस सीसीच्या जागी तीस सीसीचं इंजिन ठोकलं. नाक जड झालं, तर शेपटीला शिसं बांधलं. ते धूड गिरकी घेता घेता वरूनच कोसळलं. एक झालं, मग दुसरंही तसंच गेलं. शहाणपण मात्र कुठलं यायला!

तिसऱ्याच्या वेळी त्याची बायको मयुरी कडाडली. "हे पडलं तर रिमोट माळ्यावर. पुन्हा नाव काढायचं नाही."

हितेंद्रनं देवाशपथ कबूल केलं, आणि चहा संपायच्या आत पुन्हा तीस सीसीचा विषय काढला.

"पुढे जड म्हणून मागे जड करायचं. मग ते उडेल काय कपाळ!" मयुरी म्हणाली.

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. त्यानं मुकाट्यानं वीसचं मागवलं. इंजिन बसवून अंगणात पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचललं. नाक किंचित झुकलं. शिशाला हात न लावता त्यानं आतली बॅटरीच चार बोटं मागे सरकवली. पुन्हा उचललं. विमान दोन बोटांवर आडवं, गप्प राहिलं. माणसाएवढ्या पंखांचं विमान, दोन बोटांवर! हितेंद्रला श्वास घ्यायचीही भीती वाटली.

पण तोल खरा की खोटा, हे हवेतच कळतं. विमान उताणं करायचं आणि रिमोटची दांडी चक्क सोडून द्यायची. तोल साधला असेल तर ते उताणंच सरळ जातं. नसेल तर नाक खाली घालतं आणि खेळ खलास.

रविवारी सकाळी, केळी काढून मोकळ्या झालेल्या वावरात, रोलर फिरवलेल्या पट्टीवरून विमान वीस पावलांतच उठलं. हितेंद्रनं ते उंच नेलं, उताणं केलं. अंगठा काही दांडीवरून सुटेना.

"सोडा ना," मयुरी म्हणाली.

"पडलं तर?"

"पडलं तर पडलं. बघू तरी!"

त्यानं सोडलं.

चाकं आभाळाकडे करून विमान शेजारच्या केळीच्या बागेवरून सुतासारखं सरळ निघालं. कुणी धरलेलं नाही, कुणी सांगत नाही, आणि तरी जातंय! "अरे बाप्पा!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. जन्मभर यंत्रं दुरुस्त केली, पण एखाद्या यंत्रानं असं आपल्या आपण निभावून नेलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

बाग संपता संपता त्यानं विमान सरळ केलं, वळवलं आणि खाली आणायला घेतलं. आता शपथही सुटली, रिमोटही वाचला.

तेवढ्यात मयुरीनं त्याचं कोपर धरलं. तिची नजर वरून हलत नव्हती.

"उतरवता कशाला? अजून एकदा सोडा ना."