बुजवलेली सोळा भोके

मित्रांनो, लेबनॉनच्या डोंगरात मित्री यांच्या बागेची माती पाठीवर पेलणारी मी एक जुनी दगडी भिंत आहे. माझ्या पायथ्याशी त्यांच्या विधवा भावजयीचे, अफीफाबाईंचे घर आहे.

मित्रींना पाच मीटर उंच, सरळ, एकच भिंत हवी होती. गवंडी उस्ताद नखले यांनी पहार खाली ठेवली.

"खाली माणूस राहतं, मित्रीभाऊ. दोन टप्पे करू, मधे रुंद पट्टा सोडू."

"आणि माझ्या बागेची जागा?"

"जागा हवी की वहिनी?"

"विचार करून सांगतो."

"मला ऐकू येतंय हं," अफीफाबाई अंगणातून म्हणाल्या.

अखेर दोन टप्पे झाले. त्यांतील खालची, तीन मीटरची, ती मी. उस्तादांनी माझा पाया कातळापर्यंत नेला, मला डोंगराकडे किंचित कलते रचले, पाठीमागे खडी भरली आणि पाणी निघण्यासाठी सोळा भोके ठेवली. येणारेजाणारे माझी स्तुती करीत.

पुढे एका शरद ऋतूत अफीफाबाईंनी अंगणात चादरीवर किश्क, म्हणजे दह्यात भिजवलेला गव्हाचा भरडा, वाळत घातला. वर मित्रींनी बागेला पाणी दिले आणि माझ्या भोकांतून गढूळ थेंब त्यावर पडले.

"भाऊजी, तुमची भिंत माझ्या किश्कात थुंकते."

"मग चादर सरकवा, वहिनी."

चादर सरकली नाही. अफीफाबाईंनी स्वहस्ते सोळाही भोके सिमेंटने बुजवली. मला वाचा नव्हती.

हिवाळ्यात तीन दिवस पाऊस कोसळला. माझ्या भोकांतून थेंबही बाहेर येत नव्हता, पाठीमागे मात्र पाणी चढत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पोटातला एक दगड सरकला. फुगवटा पाहून मित्रींनी उस्तादांना बोलावले.

वृद्ध उस्तादांनी मला तळवा लावला. "या पावसात एक थेंब गळत नाही? भोकं कोणी बुजवली?"

"मी," दारातून अफीफाबाई म्हणाल्या.

"आधी रस्त्यावर जाऊन उभ्या राहा. भांडू नंतर."

"चुलीवर भात आहे."

"वहिनी, भात मी खाली येऊन करीन, पण निघा," मित्री वरून म्हणाले. तेव्हा त्या निघाल्या.

मित्रींनी चर खणून बागेचे पाणी दूर वळवले. उस्ताद माझ्यासमोर उभे राहिले नाहीत. कडेने, लांब पहारीने त्यांनी एकेक भोक फोडले. तांबडे पाणी उसळून अंगणात, मग स्वयंपाकघरात शिरले. पावसात उभ्या अफीफाबाई ते पाहत होत्या. आणखी दोन दगड सरकले; सायंकाळपर्यंत पाठीमागचे पाणी ओसरले आणि मी कशीबशी उभी राहिले.

वसंतात उस्तादांनी मला अर्धी उतरवून पुन्हा रचले.

मित्रांनो, भर पावसात एखाद्या भिंतीच्या भोकांतून थेंबही गळत नसेल, तर तिचे कौतुक करीत थांबू नका. तिच्याखाली राहणाऱ्याला आधी हाक मारा.